कापूस भरलेलं चाक

हिरासिंग, तू मला शेवटपर्यंत बाबूच म्हणालास. ऑफिसात खुर्चीवर बसणारा जो तो तुझ्यासाठी बाबूच होता, हे खरं. पण ओळखीला दोन वर्षं झाल्यावर मी तुला म्हटलं होतं, अरे, दिलीप म्हण. तू एक दिवस म्हणून पाहिलंस. दुसऱ्या दिवशी डाकेची थैली माझ्या टेबलावर टेकवत म्हणालास, "नाही जमत बाबू. दिलीप म्हटलं का मले वाटते, मी दुसऱ्याच कोनाशी बोलून राह्यलो." तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, तुला तो दुसरा माणूस कधी भेटलाच नाही. तो भेटू नये याची काळजी मी अठरा वर्षं घेतली.

परवा तुझी तेरवी झाली. आलेल्या प्रत्येकानं तुझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. माझ्याकडे पाळी आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, हे तर त्याचे जिवलग, यांना बोलवणार नाही. सगळ्यांनी समजून घेतलं. मी बोलणारा माणूस नाही, हे लोकांना ठाऊक आहे, आणि या ठाऊक असण्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला. गप्प माणसाला लोक चांगला समजतात.

हे मी माझ्यापाशी लिहून ठेवू शकलो असतो. छापायला देतोय, कारण वसतिगृहाच्या भिंतीवरच्या पाटीवर माझं नाव इतकी वर्षं चारचौघांनी वाचलं आहे. तेव्हा हेही चारचौघांनी वाचावं.

तू पुसदहून डाक घेऊन निघायचास ते सकाळी नऊला. पाच गावं, दोन तांडे, आणि परत. बावीस इंची काळी सायकल, कॅरिअरला खताच्या पोत्याची शिवलेली थैली. तुझी सायकल आमच्या ऑफिसच्या शेडमध्ये उभी असायची, म्हणून आपली ओळख. पंचायत समितीच्या कँटीनचा चहा बशीत ओतून पिता पिता तू सगळ्या वाटेची हकिगत सांगायचास. कोणाच्या पोराला फौजेत घेतलं, कोणाच्या सासूनं पत्र वाचून घेतलं आणि उत्तरात शिव्या लिहायला लावल्या. कापसाची ती वाईट वर्षं होती. कर्जाच्या नोटिसांची पाकिटं तुला द्यावीशी वाटत नसत. ती तू मुद्दाम शेवटी काढायचास, त्या घरी आधी पाणी पिऊन झाल्यावर. मी विचारलं होतं, असं का. तू म्हणालास, पाकीट देल्ल्यावर कोन्या तोंडानं पानी मागू.

असं वागणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. आणि त्या माणसाशी मी काय केलं, ते आता सांगतो.

शर्यतीची कल्पना गावातल्या दोन-तीन प्राध्यापकांची आणि एका डॉक्टरांची. तांड्यावरच्या मुली सातवीपर्यंत शिकायच्या आणि मग आईबापांच्या मागे ऊसतोडीला जायच्या. त्यांच्यासाठी गावात दोन खोल्यांचं वसतिगृह बांधायचं होतं. कोणीतरी शहरात पाहून आलं होतं की लोक अशा कामासाठी सायकली चालवतात. आमच्याकडे हे कोणी ऐकलंही नव्हतं. नियम असा ठरला की शर्यतीत उतरणाऱ्यानं आपल्या नावावर माणसं उभी करायची. तो पुरी शर्यत करून मैदानात परत आला, तर त्या माणसांनी कबूल केलेलं द्यायचं. अर्ध्यावर राहिला, तर ते मोकळे. सायकली साध्याच हव्यात, गिअरची चालणार नाही.

तुझी ललिता तेव्हा सातवीत होती. तू पहिल्याच दिवशी नाव दिलंस आणि माझंही देऊन आलास. मला न विचारता. मी चिडलो. मी छत्तीस वर्षांचा, पोट सुटलेला, ऑफिस ते घर एवढीच सायकल चालवणारा. तू म्हणालास, रोज बसून बसून खुर्चीले बी कंटाळा आला असंन तुमचा. पूर्ण दोन महिने तू मला पहाटे घाटात नेलंस. चढावर वर पाहायचं नाही, पुढच्या चाकाकडे पाहायचं, हे तू शिकवलंस. दम लागला की थांबायचं नाही, हळू व्हायचं, हेही. पहिल्यांदा न उतरता मी घाट चढलो त्या दिवशी वर पोचून मी रडलो होतो, आणि तू पाठ करून उभा राहून पळसाची पानं मोजल्यासारखं करत होतास. माझ्या आयुष्यात मी काही शरीरानं जिंकलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही तू दिलेलं.

तुझ्या नावावर तुझा अख्खा तांडा उभा राहिला. ज्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता त्यांनी कापूस कबूल केला. प्राध्यापक गडबडले, कापूस घेऊन काय करायचं? तुझ्या म्हाताऱ्या याडीनं, तुझ्या आईनं, ओढणी सारखी करत सांगितलं, "पोरी काय फरशीवर झोपतीन का? गाद्या भरा." सगळी सभा हसली. माझ्या नावावर आमचे साहेब होते, ऑफिसातले दहा-बारा जण होते, माझे सासरे होते. साहेबांनी पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आपल्या ऑफिसचा माणूस दिसला पाहिजे. आणि आवक-जावकच्या टेबलावरचा एक जण म्हणाला होता, कसला दिसतो, डाकवाला यांना घाटातच सोडून येईल. सगळे हसले, मीही हसलो. ते वाक्य मी घरी घेऊन गेलो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, रस्ता काट्याचा आहे, लोक कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या गाड्यांवरून नेऊन राह्यले, एक ट्यूब सोबत असू द्या. मी संध्याकाळी सायकलच्या दुकानातून नवी ट्यूब घेतली. दुकानदारानं पांढरी पावडर लावून, दुमडून, रबराच्या पट्टीनं बांधून दिली. मी ती कापडी पिशवीत तळाशी ठेवली. तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली. हे सगळं मला काल भरल्यासारखं आठवतं.

सकाळी सातला कॉलेजच्या मैदानातून निघालो. वाशीमच्या वाटेनं घाट चढायचा, वरच्या सपाटीवरच्या फाट्याला वळसा घालायचा आणि त्याच वाटेनं परत. कॉलेजची दोन पोरं पहिल्या मैलातच पुढे गेली आणि त्यांच्यामागे फोटोवाल्याची जीप गेली. बाकीचे घाटात मागे पडले. मधे उरलो आपण दोघं. तू माझ्यासाठी हळू चालवत होतास, हे मला कळत होतं. घाटात तू माझ्या बाजूनं, दरीकडून चाललास आणि सारखा बोलत राहिलास, म्हणजे मला माझा श्वास ऐकू येऊ नये. फाट्याला वळसा घातल्यावर तू म्हणालास, "आता सोबत झाली बाबू. परतीले मी थांबत नसतो, सांगून ठेवतो. याडीनं मले पाह्यलं पाह्यजे लवकर येतांनी." आणि हसलास. मीही म्हटलं, जा की.

मी मनात मोजलं. दोन पोरं पुढे. हा तिसरा. मी चौथा.

लाज वाटते लिहायला, पण आता लाज कोणासाठी राखून ठेवू? पहिल्या नंबरासाठी नाही, हिरासिंग. तिसऱ्यासाठी. आणि त्यातही एक गोष्ट अशी आहे जी मी माझ्या बायकोलाही कधी सांगितली नाही. दुसरा कोणी पुढे गेला असता तर मला चाललं असतं. तू तांड्यावरचा, डाक वाहणारा. माझ्या घरी तू यायचास तेव्हा पायरीवरच बसायचास आणि मी तुला आत ये म्हणायचो, पण दोनदा म्हणायचो नाही. मैत्री खरी होती. पण तिच्यात मी खुर्चीवर होतो आणि तू पायरीवर, आणि ते मला सोयीचं होतं. साहेबांसमोर, सासऱ्यांसमोर, त्या आवक-जावकवाल्यासमोर तू माझ्या पुढे मैदानात शिरणार, हे त्या फाट्यावर मला एकदम असह्य झालं.

थोडा पुढे गेला नसशील तोच तुझ्या पुढच्या चाकात काटा गेला. हवा उतरलेली तुला कळली होती, तरी तू घाईनं अर्धा मैल तसंच दामटलंस. मी गाठलं तेव्हा तू शेताच्या कडेला सायकल उलटी करून बसला होतास. ट्यूब आत सरकून हवा भरायच्या व्हॉलच्या बुडाशी फाटली होती. तिथं ठिगळ बसत नाही. तू मान वर केलीस. तुझ्या तोंडावर काळजी नव्हती. मला पाहून ती गेली असावी.

"बाबू, ट्यूब हाये ना?"

मी म्हटलं, "नाही रे. विसरलो."

एवढंच. लिहिताना तीन शब्द होतात. मी आधी ठरवलं नव्हतं, हिरासिंग. ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर परत घेता आलं असतं. मी थट्टा केली असं म्हणून पिशवीत हात घालता आला असता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, सांगतलं होतं तुमाले. रागानं नाही. मग पाणी मागितलंस आणि पिशवीकडे हात नेलास. मी घाईनं मधे येऊन स्वतः बाटली काढून दिली. तू प्यालास, झाकण लावून परत दिलीस. मी टॉवेल ट्यूबवर सारखा केला, बाटली त्यावर ठेवली आणि पिशवीचं तोंड आवळून घेतलं. माझ्या बोटांना त्या पावडरीचा मऊपणा लागला होता, तो मी पँटला पुसला.

तू म्हणालास, "तुमी निंघा. दोघं कायले थांबाचं? एक तरी पोचला पाह्यजे."

मी निघालो. वळणापाशी एकदा मागे पाहिलं. तू शेतातल्या माणसाशी बोलत होतास आणि हातानं चाक दाखवत होतास.

मैदानात मी तिसरा आलो. हार घातला, फोटो काढला, साहेबांनी हात मिळवला. सासरे लोकांना सांगत होते, आमचे जावई. तुझी याडी पुढे येऊन मला म्हणाली, माहा हिरा कुठं राह्यला? मी सांगितलं, पंक्चर झालं, येतोच आहे. ती परत जाऊन कडेला उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. तिला सावलीत बस म्हणायचंही मला सुचलं नाही.

तासाभरानं कोणीतरी मोटरसायकलवर सांगत आलं की डाकवाला घाटात पडला. तुला कापसानं भरलेल्या मेटॅडोरमध्ये वर घालून आणलं. तुझं अंग कापसात रुतलं होतं आणि पाय भलत्याच दिशेला होता. खाली उतरवताना तू मला पाहिलंस आणि विचारलंस, कितवे आले? मी बोटं दाखवली. तीन. तू मान हलवलीस. जणू तेवढं तरी बरं झालं.

काय घडलं ते तुझ्याकडूनच दवाखान्यात कळलं. आमच्याकडे ट्यूब गेली तर लोक टायरात गवत भरतात, चिंध्या भरतात, आणि घर गाठतात. त्या शेतात गवत नव्हतं. वेचलेल्या कापसाचा ढीग होता. तो शेतकरी म्हणाला, घ्या लागते तेवढा, नाहीतरी कोन इचारून राह्यलं याले. तू सरकीसकट कापूस टायरात कोंबलास, मुठीनं दाबून दाबून. सपाटीवर चाक चाललं. पुढचा ब्रेक लावायचा नाही एवढं ध्यानात ठेवून तू घाटाला लागलास. तिसऱ्या वळणावर कापूस एका बाजूला सरकला, टायर रिमवरून निघालं, आणि तू हँडलवरून पुढे फेकला गेलास.

भेटायला येणारा प्रत्येक जण हसत होता आणि तू सगळ्यांच्या वर हसत होतास. कापसानं भल्याभल्याले पाडलं, तुले बी पाडलं, असं तुझा चुलतभाऊ म्हणाला तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मी तुझ्या पायथ्याशी स्टुलावर बसलो होतो. प्लास्टरमधून तुझा अंगठा बाहेर होता. घरी पिशवी खुंटीला तशीच लटकत होती.

तुझा पाय दोन बोटं आखूड झाला. सायकलवर टांग टाकता येईना. वर्षभर तू डाक पायी वाहिलीस, काठी टेकत. पत्रं उशिरा पोचू लागली, तक्रारी गेल्या, आणि ते काम दुसऱ्याला दिलं. तू फाट्यावर पानठेला टाकलास. सायकल घराच्या आढ्याला टांगून ठेवलीस, पुढच्या चाकाला टायर नसलेली.

वसतिगृह झालं. तू पोचला नाहीस, म्हणजे तुझा तांडा मोकळा होता. तरी त्यांनी कापूस आणून टाकला. गाद्या भरल्या गेल्या. दाराशेजारी भिंतीवर पाटी लागली आणि तिच्यावर पहिल्या तिघांची नावं रंगवली गेली. उद्घाटनाच्या दिवशी तू काठी टेकत आलास, ललिताचा हात धरून. पाटीसमोर थांबून तिसरं नाव बोटानं दाखवत तिला म्हणालास, "हे वाच. हा माहा दोस्त." ललितानं मोठ्यानं वाचलं, माझ्या नावामागचं श्रीयुतसुद्धा. मग ती माझ्या पाया पडली. ती पाच वर्षं त्या पाटीसमोरून ये-जा करत राहिली. पुढे नर्स झाली. परवा ती मला पाणी आणून देत होती आणि म्हणत होती, काका, तुमी घ्या ना काही, सकाळपासून उपाशी आहात.

मी माझी सायकल महिनाभरात विकून टाकली. ट्यूब मात्र विकली नाही, फेकली नाही, कोणाला दिली नाही. का ठेवली, सांगता येत नाही.

मग आपला तो वाद सुरू झाला. दर रविवारी मी बसनं फाट्यावर यायचो, तू ठेल्याची फळी माझ्यासाठी पुसायचास, आणि आपण कापसावर भांडायचो. मी म्हणायचो, टायरात कापूस भरतात का कधी? मऊ वस्तू, वजन कशी घेणार? तू म्हणायचास, कापसाचा काही दोष नाही, भरनाऱ्याचा दोष. गाठोडं पाह्यलं का बाबू गाडीवर बांधलेलं? मानूस वर उभा राह्यते. माहाच हात ढिला पडला. मी म्हणायचो, मूर्खपणा होता तो. हो, मी तुला मूर्ख म्हटलंय. अनेकदा. ठेल्यावरची गिऱ्हाइकं मधे बोलायची, कोणी तुझ्या बाजूनं, कोणी माझ्या. त्या वादात मला बरं वाटायचं. जोवर प्रश्न कापसाचा होता, तोवर तो माझा नव्हता.

एकदा मी सांगायला म्हणून आलो होतो. माझी अँजिओप्लास्टी झाली त्या वर्षी. वाटलं, आपणच आधी गेलो तर. बसमध्ये वाक्यं जुळवत आलो. तू माझ्या औषधांची चौकशी केलीस, सुपारी सोडून नुसता कात-चुना लावून पान दिलंस, म्हणालास, बाबू, तुमी मेल्यावर मी कोनाशी भांडू? मी पान तोंडात धरलं. तोंड भरलेलं होतं, म्हणून बोललो नाही, असं मी परत जाताना स्वतःला सांगितलं.

शेवटच्या रविवारी तू ठेल्याखालून एक चाक काढलंस. कोणाच्या तरी पोराच्या मोडक्या सायकलचं, लहानसं. त्यात कापूस भरलेला होता. तू तो आधी भिजवला होतास, पिळून, वेणीसारखा वळून, सुतळीनं आवळत आवळत टायरात बसवला होतास. वाळल्यावर तो दगडासारखा झाला होता. तू ते चाक माझ्या मांडीवर ठेवलंस. "दाबून पाह्य," म्हणालास. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं तू मला एकेरीत बोललास. तुझ्या लक्षातही आलं नसेल. "ओला करून भराले पाह्यजे होता. एवढीशी गोष्ट. तवा एवढी अक्कल असती तं..." पाय चोळत राहिलास.

अठरा वर्षं, हिरासिंग. अठरा वर्षं तू त्या घाटात, त्या वळणावर, स्वतःची चूक शोधत होतास. मला वाटायचं तू गंमत म्हणून भांडतोस. त्या दिवशी ते चाक मांडीवर घेतल्यावर मला कळलं की गंमत नव्हती. तू झोपताना त्याचा विचार करत असशील. ललिताच्या लग्नात, याडी गेली तेव्हा, पायी चालताना प्रत्येक पावलाला.

तेव्हा तरी सांगायचं. ठेल्यावर तिसरं कोणी नव्हतं. मी अंगठ्यानं टायर दाबलं आणि म्हटलं, "हो. बसतो."

तुझ्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द हेच. पाचव्या दिवशी ठेला बंद करून भर दुपारी घरी चालत जाताना तू रस्त्याच्या कडेला खाली बसलास, ते परत उठला नाहीस. सगळे म्हणाले, वेळ आली होती. मी फक्त तो रस्ता पाहिला. सायकलवर तो दहा मिनिटांचा आहे.

काल मी पुन्हा तांड्यावर गेलो, एकटा. पिशवीत ट्यूब घेऊन. अठरा वर्षांनी ती उघडली तेव्हा घडीवर चिकटली होती, ओढल्यावर तुटली. तुझ्या घरी सुभद्रावहिनी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी ललिता. मी त्यांच्यासमोर ट्यूब ठेवली आणि सगळं सांगितलं. इथं लिहिलं तसंच, पायरीची गोष्टही. मी इतका वेळ सलग बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

खोटं बोलत नाही, मनात एक आशा धरून गेलो होतो. तुला ते माहीत असावं, अशी. बाटली देताना माझा हात तू पाहिला असशील, पँटवरची पांढरी बोटं पाहिली असशील, आणि मोठ्या मनानं गिळून टाकलं असशील. म्हणजे मला माफी मिळून गेलेली असती, फक्त निरोप यायचा राहिला असता. मी वहिनींना विचारलं, त्याला संशय होता का कधी?

वहिनी म्हणाल्या, "नव्हता. असता तं मले बोलले असते."

ललिता उठून आत गेली. ती बाहेर आली नाही.

वहिनींनी ट्यूब उचलून पाहिली, बोटांना लागलेलं काळं रबर लुगड्याला पुसलं. मग त्या दारातून आत आढ्याकडे पाहत राहिल्या, जिथं तुझी सायकल आहे. मला वाटलं आता त्या विचारतील, का नाही दिली. त्याचं उत्तर मी बसमधून तयार करून आणलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही.

"पडाचं तं पडले असते, दुसऱ्या कशानं बी पडले असते," त्या म्हणाल्या. "पन भाऊजी, राती उठून बसत. हात असे मुठी करून दाबत. माहाच हात ढिला पडला म्हनत. तुमी सांगतलं असतं तं तेवढं तरी म्हनले नसते."

मग त्यांनी ट्यूब माझ्या पिशवीत घातली. म्हणाल्या, हे घेऊन जा, इथं नको.

मी फाट्यापर्यंत चालत आलो. तुझा ठेला बंद आहे. फळीवर धूळ बसली आहे, ती मी हातानं पुसली आणि बसलो. एक बस गेली, मी तिला हात दाखवला नाही. त्या लहान चाकाचं काय झालं, कुणास ठाऊक. ठेल्याखाली वाकून पाहिलं, तिथं नव्हतं.

वसतिगृहाच्या लोकांना मी पत्र दिलं आहे, ते नाव पुसा म्हणून. त्यांनी विचारलं, मग तिसरं कोण लिहायचं? मी म्हटलं, कोणी नको. रिकामी जागा ठेवा. ते पुसतील किंवा नाही पुसणार. त्यानं तुझ्या एकाही रात्रीत फरक पडणार नाही, हे मला समजतं.

तू ऐकू शकत होतास तेव्हा जे मी बोललो नाही, ते आता रिकाम्या फळीला सांगून उपयोग नाही. तरी सांगून आलो. बस येईपर्यंत तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. तुझा हात ढिला नव्हता, हिरासिंग. हात ढिला नव्हता तुझा.